नाकतोड्याचा वंश कसा ओळखावा : गळ्याखालच्या खुंटापासून मागच्या पंखापर्यंत

नाकतोडा दिसला की बहुतेक जण वरून किंवा बाजूने एक फोटो काढतात आणि त्यावरून नाव शोधू लागतात. तेवढ्यावर फार तर कुल, म्हणजे अनेक वंशांचा मोठा गट, कळते. वंश ठरवणाऱ्या खुणा गळ्याखाली, मिटलेल्या पंखांच्या आत आणि मांडीच्या आतल्या अंगाला असतात, आणि नेमक्या त्याच जागा फोटोत येत नाहीत. म्हणून या लेखात कोणती जागा कोणत्या क्रमाने पाहायची, तिथे काय दिसते आणि कुठे फसायला होते, हे सांगितले आहे.

वंश म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द : ऑक्सिया, अ‍ॅक्रिडा, लोकस्टा. सुरुवातीला वंशावरच थांबावे. अनेक वंशांतल्या जाती वेगळ्या करायला नराचे जननावयव सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. वंश मात्र साध्या भिंगावर आणि थोड्या चिकाटीवर बहुतेक वेळा ठरतो.

सगळ्यात आधी एक नियम मनात पक्का करा : अंगाचा रंग शेवटी पाहायचा. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही नाकतोडे असतात. अ‍ॅक्रिडा हिरवा असतो, वाळक्या गवताच्या रंगाचा असतो आणि पट्टेदारही असतो. पण मागच्या पंखाचा आणि मागच्या नडगीचा रंग याला अपवाद आहे. हे दोन रंग बऱ्याच अंशी भरवशाचे असतात, आणि ते कुठे कामी येतात ते पुढे येईलच.

लागणारे सामान

- १० पट मोठे दाखवणारे हातभिंग. २० पटींचे असले तर मांडीवरचे दाते स्पष्ट दिसतात.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. ती फोटोतही ठेवायची.
- कीटक पकडायची जाळी, घट्ट विणीच्या कापडाची. मच्छरदाणीच्या जाळीत नडगीचे काटे अडकतात आणि पाय तुटतात.
- रुंद तोंडाच्या पारदर्शक डब्या, प्रत्येक नाकतोड्याला वेगळी.
- मऊ कुंचला आणि बोथट टोकाचा चिमटा, पंख उलगडायला.
- जवळचे फोटो काढता येतील असा कॅमेरा किंवा फोन.
- वही आणि पेन्सिल. पेनाची शाई ओलीने पसरते.

जिवंत नाकतोडा हातात स्थिर राहत नाही. डबी १० ते १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की तो सुस्तावतो आणि पाहायला काही मिनिटे मिळतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, तो मरेल. धरताना दोन्ही मागच्या मांड्या अंगाला लावून वक्षासकट धरा. एकच पाय धरला तर तो मांडीच्या मुळाशी पाय सोडून देतो, आणि तो पाय पुन्हा उगवत नाही. तोंडातून तपकिरी द्रव येईल, त्याचा डाग पडतो. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पकडायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

१. हा खरोखर आखूड मिशांचा नाकतोडा आहे का?

मिशा शरीरापेक्षा लांब आणि केसासारख्या बारीक असतील तर तो रातकिड्यांच्या गटातला, लांब मिशांचा कीटक आहे. त्याच्या कानाचे पडदे पुढच्या नडगीवर असतात आणि मादीच्या मागे पात्यासारखा लांब अवयव दिसतो. हा लेख त्याच्यासाठी नाही.

आखूड मिशांच्या नाकतोड्यात मिशांचे खंड ३० पेक्षा कमी असतात, कानाचा पडदा पोटाच्या पहिल्या खंडावर पंखाखाली असतो आणि मादीच्या मागे चार आखूड, टोकदार पाकळ्या असतात.

या गटातही एक फसवा कुटुंबीय आहे, टेट्रिजिडी कुलातला. हे साधारण एक सेंटिमीटरचे, मातकट कीटक ओल्या जमिनीवर सापडतात. त्यांच्या पाठीची ढाल, म्हणजे मानेवरचे कडक कवच, पोट झाकत मागच्या टोकापर्यंत गेलेली असते. पुढच्या आणि मधल्या पावलांना दोनच खंड असतात, नखांमध्ये गादी नसते. इथे नेहमीच्या नाकतोड्यांच्या खुणा लावत बसू नका. त्यांची ओळख वेगळ्या पद्धतीने होते.

२. पूर्ण वाढलेला आहे का?

या पायरीवर सर्वात जास्त चुका होतात. वंशाच्या जवळजवळ सगळ्या खुणा प्रौढासाठी लिहिलेल्या असतात. पिल्लाला त्या लावल्या की नाव हमखास चुकते, आणि चुकले हे कळतही नाही.

पंख नाहीत म्हणजे पिल्लू, हे बरोबर नाही. काही वंशांचे प्रौढ आखूड पंखांचे किंवा बिनपंखी असतात. हायरोग्लिफसमध्ये एकाच जातीत लांब आणि आखूड पंखांचे प्रौढ सापडतात. फरक करायची जागा पंखांची मांडणी आहे. पिल्लाच्या शेवटच्या दोन अवस्थांमध्ये पंखांच्या कळ्या उलटून पाठीवर येतात आणि मागच्या पंखाची कळी पुढच्या पंखाच्या कळीला बाहेरून झाकते. प्रौढात, पंख कितीही आखूड असला तरी, पुढचा पंख वर असतो आणि मागचा त्याच्याखाली. कळीवर शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसल्या आणि ती कळी बाहेरच्या बाजूला असली, तर ते पिल्लूच. नोंद "पिल्लू, कुल अमुक" अशी करून पुढे जा, किंवा त्याला ज्या झाडावर ते सापडले त्याचा पाला देऊन प्रौढ होईपर्यंत सांभाळा.

३. नर की मादी

पोटाचे टोक पाहा. मादीला चार कडक पाकळ्या असतात, दोन वर आणि दोन खाली. नराच्या पोटाचे टोक वर वळलेले, होडीच्या नाळेसारखे बंद असते.

नर मादीपेक्षा लहान असतो आणि काही वंशांत बराच लहान असतो. अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फामध्ये मादीच्या पाठीवर बसलेला नर पाहून "आई आणि पिल्लू" अशी नोंद केलेली अनेकदा दिसते. लांबी लिहिताना लिंग लिहिले नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

४. डोके आणि मिशा

बाजूने पाहा. चेहरा सरळ खाली उतरतो की मागे तिरपा जातो? अ‍ॅक्रिडा, फ्लीओबा, अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा यांचा चेहरा खूप तिरपा असतो. लोकस्टा, गॅस्ट्रिमार्गस, शिस्टोसर्का यांचा जवळजवळ उभा.

मग मिशा. सगळीकडे सारखी जाड, दोऱ्यासारखी मिशी बहुतेक वंशांत असते. बुडाशी चपटी आणि रुंद, टोकाला निमुळती, म्हणजे तलवारीच्या घाटाची मिशी अ‍ॅक्रिडा, ट्रक्सॅलिस आणि फ्लीओबा यांच्यात दिसते.

आता डोक्याचे अगदी पुढचे टोक भिंगाखाली वरून पाहा. तिथे मधोमध एक बारीक, सरळ चीर असेल तर तो पिर्गोमॉर्फिडी कुलातला आहे. ही चीर केसाएवढी बारीक असते, उजेड बाजूने पाडला तरच दिसते, पण एकदा ओळखता आली की अर्धे काम झाले. खात्रीसाठी मागच्या मांडीचे मूळ पाहा. तिथे वर आणि खाली अशा दोन पाळ्या असतात. पिर्गोमॉर्फिडीत खालची पाळी वरच्याएवढी किंवा जास्त लांब असते, अ‍ॅक्रिडिडीत (नेहमीचे बहुतेक नाकतोडे याच कुलातले) वरची लांब असते. शिवाय अ‍ॅक्रिडिडीच्या मांडीच्या बाहेरच्या अंगावर माशाच्या काट्यासारखी नेटकी तिरपी नक्षी असते, तर पिर्गोमॉर्फिडीत तिथे अनियमित दाणे असतात.

चीर सापडली तर पुढचे चार वंश सोपे आहेत.

अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा : दोन्ही टोकांना निमुळते शरीर, पुढचे पंख टोकदार. डोळ्यामागून निघून ढालीच्या बाजूच्या खालच्या कडेने फिकट दाण्यांची रांग जाते, जणू मणी ओवलेले.

क्रोटोगोनस : बसका, चपटा, खरबरीत, मातीच्या रंगाचा. उलटा केला की गळ्याची पुढची कड पुढे वाढून तोंडाचा काही भाग झाकताना दिसते. ही खूण दुसऱ्या कुणाशी गोंधळत नाही.

पोएकिलोसेरस : रुईवर सापडणारा मोठा, रंगीत नाकतोडा. अंगावर पिवळे आणि निळसर हिरवे पट्टे. छेडला की द्रवाची चिळकांडी उडवतो, ती डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हात धुवा.

ऑलार्किस : जाडजूड, ढालीवर मोठाले गोळे, काळसर पंखांवर पिवळे ठिपके.

५. गळ्याखालचा खुंट

नाकतोडा उलटा करा. पुढच्या दोन पायांच्या मधोमध, गळ्यावर, एक छोटा खुंट आहे का? अ‍ॅक्रिडिडी कुलात वाट इथे फुटते, म्हणून या एका जागेला सगळ्यात जास्त वेळ द्या. डोके खाली वाकलेले असेल तर खुंट झाकला जातो. कुंचल्याच्या टोकाने डोके हलकेच मागे करा.

खुंट नसेल तर नाकतोडा अ‍ॅक्रिडिनी, इडिपोडिनी किंवा गोम्फोसेरिनी या उपकुलांपैकी एकातला असण्याची शक्यता फार मोठी. अ‍ॅक्रिडा, आयोलोपस, लोकस्टा, ईडेलिअस हे सगळे या बाजूला येतात. त्यांना पुढच्या दोन पायऱ्या लागतील.

खुंट असेल तर नुसता "आहे" असे लिहून सोडू नका. त्याचा आकार लिहा, कारण वंश त्या आकारातच दडलेला असतो. बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून पाहा.

- पसरट, चमच्याच्या पात्यासारखा चपटा खुंट आणि लहान, सडसडीत, गवतातले शरीर : स्पॅथोस्टर्नम.
- जाड, ठळकपणे मागे वाकलेला, टोक मधल्या वक्षाकडे पोचणारा : सायर्टॅकँथॅक्रिस. हा मोठा, तपकिरी असतो, पाठीवर मधोमध फिकट पट्टा आणि पंखांवर गडद डाग असतात. मोठ्या, हिरव्या काँड्रॅक्रिसचाही खुंट मागे वाकतो. तिथे लालसर जांभळी नडगी आणि गुलाबी झाक असलेला मागचा पंख पाहून वेगळा काढा.
- सरळ किंवा किंचित कललेला, गोल, बोथट टोकाचा : शिस्टोसर्का. नर असेल तर पोटाच्या टोकाकडची खालची पट्टी पाहा. तिला मधोमध खाच असते. वाळवंटी टोळ याच वंशातला.
- शंकूसारखा, छोटा : ऑक्सिया आणि इतर बरेच. इथे खुंट पुरत नाही, मागचा पाय पाहावा लागतो.

खुंटाच्या मागे, मधल्या पायांच्या दरम्यान, वक्षाच्या दोन पाळ्या दिसतात. त्यांच्या आतल्या कडा सरळ आणि पाळ्या रुंदीपेक्षा लांब, चौकोनी असतील तर तो शिस्टोसर्का आणि सायर्टॅकँथॅक्रिसच्या उपकुलातला. पाळ्या गोलसर आणि रुंद असतील तर कॅटँटॉप्सच्या बाजूचा. मोठा नाकतोडा हातात असताना ही खूण डोळ्यांनीही दिसते, आणि तरी नवशिके ती क्वचितच पाहतात.

कॅटँटॉप्स आणि झेनोकॅटँटॉप्स यांत छातीच्या बाजूवर एक तिरपी फिकट रेघ असते. दोन्ही तपकिरी, गुटगुटीत असतात. फिकट मांडीवर स्पष्ट काळे आडवे पट्टे दिसले तर झेनोकॅटँटॉप्सची शक्यता जास्त, पण खात्री नराच्या पोटाच्या टोकाकडील दोन काट्यांच्या, म्हणजे पुच्छिकांच्या, आकारावरूनच करावी. फक्त मादी हाती असेल तर "कॅटँटॉप्सच्या गटातला" एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

६. पाठीची ढाल

डोक्यामागे मानेवर जी ढाल असते, तिला प्रोनोटम म्हणतात. तिच्यावर तीन कंगोरे असू शकतात : एक मधोमध, दोन बाजूंना. आडव्या चरा साधारण तीन असतात. त्यांतली सर्वांत मागची मुख्य चर ढालीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करते. चार प्रश्न विचारा.

बाजूचे कंगोरे आहेत का? ऑक्सिया, शिस्टोसर्का यांच्यात नसतात, पाठ गोलसर उतरते. आयप्रेपॉक्नेमिसमध्ये असतात, ढाल वरून सपाट असते आणि तिच्यावर फिकट कडांमध्ये मखमली गडद पट्टा असतो. त्याला खुंटही असतो, म्हणून तो खुंट नसलेल्यांत मिसळू नका.

मधला कंगोरा किती उंच आहे आणि किती चरांनी कापला आहे? गॅस्ट्रिमार्गसमध्ये तो कमानीसारखा उंच आणि अखंड असतो. ट्रायलोफिडियामध्ये दोन खाचा पडून दोन स्पष्ट दाते तयार होतात. बाजूने उजेडासमोर धरले की ते दाते दिसतात, आणि त्या एका खुणेवर हा छोटा, केसाळ नाकतोडा ओळखता येतो. स्फिंगोनोटसमध्ये कंगोरा पुढच्या भागात जवळजवळ नाहीसाच असतो. टेराटोडसमध्ये सगळी ढालच टोपडे घातल्यासारखी उंच वाढलेली असते, तिथे आणखी काही पाहायची गरज नाही.

ढाल मधे आवळलेली आहे का? आयोलोपसमध्ये पुढचा भाग अरुंद आणि मागचा रुंद असतो. अ‍ॅक्रोटायलसमध्ये ढाल आखूड, मधे आवळलेली आणि केसाळ असते.

ढालीवर रेघांची खूण आहे का? ईडेलिअसच्या ढालीवर फिकट रेघांचा, मधे तुटलेला फुलीचा आकार असतो. गॅस्ट्रिमार्गसमध्ये अशी स्पष्ट फुली नसते. हायरोग्लिफसच्या हिरव्या किंवा पिवळसर ढालीवर आडव्या चरा काळ्या रंगाने भरलेल्या असतात, लांबूनही दिसतात.

एक धोका. लोकस्टाच्या ढालीचा आकार त्याच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. एकेकटा वाढलेला असेल तर कंगोरा कमानदार, उंच असतो. थव्यात वाढलेला असेल तर ढाल आवळलेली आणि कंगोरा सपाट. दोन वेगळे वंश समजून नोंद करू नका. ढाल कशीही असली तरी लोकस्टाच्या वक्षाच्या खालच्या बाजूला दाट केस असतात, जबड्यांवर बऱ्याचदा निळसर झाक असते आणि मागच्या पंखावर काळा पट्टा नसतो. शिस्टोसर्काशी गोंधळ झाला तर गळा पाहा. लोकस्टाला खुंट नाही, शिस्टोसर्काला आहे. दोन्ही टोळ, पण उपकुले वेगळी.

७. मागचा पंख उलगडा

खुंट नसलेल्या नाकतोड्यांत ही पायरी टाळता येत नाही. बसलेला इडिपोडिनी नाकतोडा मातीत मिसळून जातो, आणि त्याचा वंश सांगणारा रंग मिटलेल्या पंखात असतो.

सुस्तावलेला नाकतोडा डाव्या हातात धरा. पुढचा पंख अंगठ्याने हळूच बाजूला करा, चिमट्याने मागच्या पंखाची पुढची कड धरून बाहेर ओढा. मागची कड धरली की पंख फाटतो, ती अगदी पातळ असते. पकडायचेच नसेल तर नाकतोडा उडताना पाहा. उडी मारताना पिवळी, लाल किंवा निळी झळक दिसली तर तेवढेही टिपून ठेवा.

पिवळसर बूड आणि पलीकडे गडद पट्टा : ईडेलिअस किंवा गॅस्ट्रिमार्गस. फुली आणि कंगोरा पाहून वेगळे करा. गॅस्ट्रिमार्गस अंगानेही मोठा असतो.

गुलाबी किंवा लाल बूड आणि चंद्रकोरीसारखा गडद डाग : बहुधा अ‍ॅक्रोटायलस. काही जातींत बूड पिवळे असते, म्हणून ढालीची खूण जोडीला घ्या.

पिवळे बूड आणि बाहेरचा भाग काळपट, अंग छोटे : ट्रायलोफिडिया.

रंगहीन किंवा हलका हिरवट पिवळा, पट्टा नाही, अंग सडपातळ : आयोलोपस. त्याच्या मागच्या नडगीवर फिकट, काळसर आणि टोकाशी लाल असे टप्पे असतात. ही जोडी जुळली की शंका राहत नाही.

निळसर पंख असेल तर स्फिंगोनोटस आणि ईडिपोडा यांत गोंधळ होतो. मागच्या मांडीची वरची कड पाहा. ईडिपोडामध्ये ती मधेच एकदम पायरी उतरल्यासारखी खाली येते. स्फिंगोनोटसमध्ये ती सलग उतरते. इथे पंखाच्या रंगापेक्षा मांडीवर विश्वास ठेवा.

पंखाच्या बुडाशी लालभडक दाणे दिसले तर ते रंगाचे ठिपके नसून परजीवी कोळीकिडे असू शकतात. कुंचल्याने हलवून पाहा.

८. मागचा पाय

आता राहिलेल्या शंका मिटवायच्या.

ऑक्सिया : हिरवे अंग, डोळ्यामागून ढालीच्या बाजूने पंखापर्यंत गडद तपकिरी पट्टा. पण असा पट्टा इतरांतही असतो. पायावर तीन गोष्टी तपासा. गुडघ्याच्या खालच्या पाळीचे टोक काट्यासारखे असते, नडगी टोकाकडे चपटी आणि रुंद होते, आणि नडगीच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला एक काटा असतो. हायरोग्लिफसही भातात सापडतो आणि हिरवा असतो, पण त्याची नडगी टोकाकडे अशी पसरत नाही.

मांडीच्या आतल्या अंगाला कडेने बारीक दात्यांची एक रांग असेल तर गोम्फोसेरिनी उपकुल. हे दाते पंखावर घासून आवाज निघतो. अ‍ॅक्रिडिनीत ही रांग नसते. वीस पटींचे भिंग इथेच लागते. मादीत दाते बारीक किंवा झिजल्यासारखे असतात, म्हणून शक्यतो नर पाहा. थंड प्रदेशातल्या गोम्फोसेरिनीत आणखी एक सोयीची खूण मिळते : कॉर्थिपसच्या पुढच्या पंखाच्या पुढच्या कडेला बुडाजवळ फुगवटा असतो, ओमोसेस्टसमध्ये नसतो.

९. हमखास गोंधळणाऱ्या जोड्या

अ‍ॅक्रिडा आणि अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा : दोघांचे डोके शंकूसारखे, दोघे हिरवे. डोक्याच्या टोकाची चीर आणि मण्यांची रांग अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाला. अ‍ॅक्रिडाचे मागचे पाय काडीसारखे बारीक आणि फार लांब, गळ्याखाली खुंट नाही.

अ‍ॅक्रिडा आणि ट्रक्सॅलिस : हे खरेच सारखे दिसतात. मांडीच्या आतल्या अंगावरची दात्यांची रांग ट्रक्सॅलिसला असते, अ‍ॅक्रिडाला नाही. फक्त फोटोवरून या दोघांत निवाडा करणे टाळावे.

अ‍ॅक्रिडाचे पिल्लू आणि फ्लीओबा : फ्लीओबा लहान आणि तपकिरी, पण त्याचे पंख पूर्ण असतात. दुसरी पायरी नीट केली असेल तर ही चूक होत नाही.

१०. फोटो : कमीत कमी सात

बाजूने पूर्ण अंग, वरून पूर्ण अंग, समोरून चेहरा, उलटा करून गळा आणि वक्ष, उलगडलेला मागचा पंख, मागचा पाय (आतून आणि बाहेरून), पोटाचे टोक (बाजूने आणि वरून). पट्टी निदान एका फोटोत हवी. फ्लॅशचा थेट झोत पडला की ढालीवरचे कंगोरे सपाट दिसतात, त्यामुळे उजेड एका बाजूने येऊ द्या.

मापे तीन घ्या : डोक्याच्या टोकापासून मिटलेल्या पंखाच्या टोकापर्यंत, ढालीची मधली लांबी आणि मागच्या मांडीची लांबी. पोटाच्या टोकापर्यंतचे माप भरवशाचे नाही. अंडी भरलेल्या मादीचे पोट ताणले जाते, वाळलेल्याचे आकसते.

११. नमुना ठेवायचा असेल तर

टाचणी ढालीच्या मागच्या भागातून, मधल्या कंगोऱ्याच्या किंचित उजवीकडून घाला. कंगोरा आणि डावी बाजू शाबूत राहते. डावीकडचे दोन्ही पंख उलगडून वाळवा. मोठ्या नाकतोड्याचे आतडे काढून कापूस भरला नाही तर तो आतून सडतो आणि काळा पडतो. हिरवा रंग वाळल्यावर पिवळट होतो, नडगीचा लाल रंगही फिका पडतो, म्हणून हे रंग जिवंतपणीच वहीत लिहा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये आकार टिकतो, रंग टिकत नाही.

चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख, कशावर सापडला आणि पकडणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहा. ओळख दुसऱ्या चिठ्ठीवर लिहा, पहिलीला हात लावू नका. ओळख पुढे बदलू शकते, ठिकाण आणि तारीख बदलत नाहीत.

१२. नाव लिहिण्यापूर्वी

ओळखतक्ता, म्हणजे एकेका खुणेवर प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता, वापरताना तो कोणत्या प्रदेशासाठी केला आहे ते आधी पाहा. एका खंडाच्या तक्त्यात दुसऱ्या खंडातले वंश नसतात, आणि तक्ता शेवटी कुठल्या तरी नावाशी नेऊन सोडतोच. तिथे सापडणारच नाही असे नाव आले तर उलट चालत जाऊन कोणत्या प्रश्नाला उत्तर चुकले ते शोधा. बहुतेक वेळा ते खुंटाच्या किंवा बाजूच्या कंगोऱ्यांच्या प्रश्नावर सापडते.

जुन्या तक्त्यांतली नावे बदललेली असतात. सक्सिंक्टा ही टोळाची जात काही ठिकाणी पटंगा वंशात, तर काही ठिकाणी नोमॅडॅक्रिस वंशात छापलेली मिळेल. सध्या ग्राह्य नाव कोणते ते ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाइल या जागतिक सूचीत पाहून घ्या.

दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय वंश लिहू नका. मागचा पंख आणि ढाल, किंवा खुंट आणि नडगी, अशा वेगवेगळ्या अवयवांवरच्या खुणा असाव्यात. एकच जुळली तर उपकुल लिहा आणि नावापुढे कोणती खूण पाहायची राहिली ते नोंदवा : "मागचा पंख पाहिला नाही", "मादी, नराच्या पुच्छिका पाहता आल्या नाहीत". पुढच्या हंगामात त्याच जागी नर मिळाला की ती नोंद पूर्ण करता येते.